गारमास्तरांची निळी वही

गारमास्तर फ्रीज दुरुस्त करायला आले की पहिला अर्धा तास काहीच करत नाहीत. ज्याला हे माहीत नसतं त्याचा जीव खालीवर होतो. दूध नासायच्या बेतात असतं, बर्फाचं पाणी होऊन स्वयंपाकघरभर पसरलेलं असतं, घरातला एक जण फडकं घेऊन आणि बाकीचे सल्ले घेऊन उभे असतात, आणि हे गृहस्थ शांतपणे पिशवी खाली ठेवतात, एक स्टूल मागतात, फ्रीजसमोर बसतात आणि आजारी गाईच्या अंगावर ठेवावा तसा त्याच्या कुशीवर तळहात ठेवून डोळे मिटतात.

पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, उघडून तरी बघा की!"

"आधी तो काय म्हणतोय ते ऐकू दे," डोळे न उघडता ते म्हणाले. "मग तुमचं ऐकतो."

माझ्या घरात माझा नंबर फ्रीजनंतर लागतो, हे त्या दिवशी अधिकृत झालं.

वस्तू गार करतात म्हणून 'गार' आणि वर्गात उभं राहून शिकवल्यासारखं बोलतात म्हणून 'मास्तर'. खरं नाव विजेच्या बिलावर असेल, पण ते कुणी वाचलेलं नाही. आम्ही एकाच इमारतीत राहतो. ते तळमजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. अठरा वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, आणि आमचा आवाज त्यांनी रोज ऐकला असूनही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. याला मी संतपण म्हणतो. माझी बायको याला चांगलं शेजारपण म्हणते आणि वर माझ्याकडे बघते.

मास्तरांच्या पिशवीत पाने-पक्कड, टेप, तांब्याच्या नळीचे तुकडे असतात आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही असते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फ्रीजला तिच्यात एक पान. पानावर तीन रकाने: तक्रार, पाहिलं, केलं. यातल्या तक्रारीच्या रकान्यात मास्तर स्वतःचा शब्द घालत नाहीत. माणूस जे बोलला ते जसंच्या तसं. 'वरच्या कप्प्यात टोमॅटो गोठतो आणि खालच्यात शिजतो.' 'मधेच हुंदका दिल्यासारखं करतो.' आमच्या पानावर बायकोचं वाक्य आहे: 'याला आणि याच्या मालकाला एकदमच काहीतरी झालंय.' पुढच्या रकान्यात मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, 'फक्त फ्रीज पाहिला.'

आता फ्रीजची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल. आठवडाभर तो खडखडतो, थरथरतो, भाजी सडवतो, आणि मेकॅनिकने दारात पाऊल टाकलं की शाळा तपासायला साहेब आल्यावर वर्ग बसतो तसा गुणी होऊन बसतो. आपण ओशाळून म्हणतो, "आत्तापर्यंत वाजत होता हो!" दुसरे मेकॅनिक अशा वेळी हसतात आणि 'काही झालेलं नाही' म्हणून चालू पडतात. मास्तर हसत नाहीत. ते तक्रार लिहून घेतात आणि दोन दिवसांनी परत येतात.

"जो घरात राहतो त्याला माहीत," ते म्हणतात. "मी अर्ध्या तासाचा पाहुणा. माणूस कारण सांगताना चुकतो, पण त्रास सांगताना चुकत नाही."

हे सगळं मी इतक्या बारकाईने सांगतोय, कारण दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या स्वतःच्या घरातून एक तक्रार आली, आणि ती ऐकायला त्यांच्याखेरीज कुणी तयार नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. तेही यात येणार आहे. आणि यातलं एकही वाक्य मी चोरून लिहिलेलं नाही. जिच्याबद्दल लिहिलंय तिने ते वाचलंय, आणि दोन ठिकाणी हिरव्या पेनाने माझ्या चुकाही काढल्यात.

तिचं घरातलं नाव भिंगरी. मास्तरांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. वडील जितके थंड तितकी ही चपळ. आमचं वर्तमानपत्र खाली वाचायला न्यायची आणि तीन-तीन पायऱ्या गाळत परत आणून द्यायची. शब्दकोडं अर्धं सोडवलेलं असायचं. अवघड अर्धं. सोपं माझ्यासाठी ठेवायची.

ती पंधराची असताना, शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील, वर्तमानपत्र वर यायचं थांबलं. मी ते आणायला खाली गेलो तर भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आठवडा गेला, दुसरा गेला. केस धुवायचे राहिले. ताट आत जायचं आणि जसंच्या तसं बाहेर यायचं.

तिची आई पोस्टात काउंटरवर असते. तीस वर्षं जाळीमागे बसून गहाळ पार्सलं शोधण्यात तिची हयात गेली, त्यामुळे मुलीचं हसूही कुठूनतरी निघून कुठेतरी अडकलंय अशी तिची खात्री होती. तिने चौकशी लावली.

"शाळेत कुणी काही बोललं का?"

"नाही."

"परीक्षेचं टेन्शन?"

"नाही."

"कुणी मुलगा वगैरे? सांग, मी ओरडणार नाही."

"आई, काही झालेलं नाहीये," भिंगरी भिंतीला म्हणाली. "काही झालं असतं तर बरं झालं असतं. निदान सांगता तरी आलं असतं."

मग सल्लागार आले. सल्लागारांना बोलवावं लागत नाही. भिंगरीची आत्या दोन स्टॉप लांब राहते, पण सल्ला द्यायचा असला की चालत येते. ती खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लाड आहेत नुसते! आमच्या वेळी उदास व्हायला वेळ कुणाला होता?" आणि माझ्यासारखा शहाणा काय म्हणाला? "मास्तर, वय असतं हो. आमचा पुतण्या याच वयात सहा महिने कुणाशी बोलत नव्हता, आता थांबवून थांबत नाही." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला विचारा. उंट माझ्या घरचाच आहे.

मास्तर ऐकून घ्यायचे. "असेल," म्हणायचे.

आणि मग, काय सांगू, भिंगरी उठली. एका सकाळी तिची आई जागी होऊन बघते तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या पिवळ्याजर्द. मुलगी हातात ब्रश घेऊन गाणं म्हणतेय. त्या आठवड्यात तिने दोन नव्या भाषा शिकायला घेतल्या, शाळेच्या नाटकात भाग घेतला, मग ते नाटकच नव्याने लिहायला घेतलं, आणि माझ्याकडे येऊन एकदम अकरा पुस्तकं मागितली. चाळीस मिनिटं बोलत होती. पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरं त्याला ओलांडून पुढे जात होतं. मी खूश. जिन्यावर मास्तरांना गाठून म्हणालो, "बघा! म्हटलं नव्हतं?"

मास्तर त्या दिवशी माझ्यापेक्षाही खूश होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दहा-बारा दिवस झाले आणि दोर तुटावा तशी ती खाली आली. या वेळी भिंतीकडे तोंड करायचीही ताकद नव्हती. अकरा पुस्तकं पलंगाखाली, नाटक अर्धवट, आणि शाळेतून चिठ्ठी.

तेव्हा आईवडील तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गल्लीच्या टोकाचे हे डॉक्टर भले आहेत, फक्त नाडी बघताना घड्याळ दाराबाहेरच्या गर्दीचं बघतात. आत गेल्यावर भिंगरीने काय करावं? खुर्चीत ताठ बसली. डॉक्टरांच्या टेबलावरच्या मणक्याच्या मॉडेलकडे बघून म्हणाली, "याने तुमचं बिल बघितलं का? पार वाकलाय." डॉक्टर खो खो हसले. "हिला काय धाड भरलीय? मलाच हिच्याकडून टॉनिक घ्यायला हवं," म्हणाले आणि एक टॉनिक लिहून दिलं.

बाहेर आल्या आल्या आई म्हणाली, "ऐकलंत ना? काही नाहीये." तिच्या डोळ्यांत सुटका झाल्याचं पाणी होतं.

मास्तर मागे बघत होते. भिंगरी दवाखान्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली होती. हसू आतच राहिलं होतं, डॉक्टरांच्या टेबलावर. उरलेल्या दोन पायऱ्या उतरायला तिला दहा मिनिटं लागली.

"मेकॅनिक आला की फ्रीज चालतोच," मास्तर म्हणाले.

तिथेच त्यांनी ठरवलं की हिला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. शहरात एक बाई चांगल्या आहेत असं कळलं. नंबर लागला पाच आठवड्यांनंतरचा. आत्या चालत आली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचा फ्रीज बिघडला की लोक मला बोलावतात," मास्तर म्हणाले. "कुणी लाजत नाही. मला जे येत नाही त्यासाठी मी दुसऱ्या कुणाला बोलावतोय. यात लोकांनी काय म्हणायचंय?"

आत्या सल्ला न देता परत गेली. ही घटना आमच्या इमारतीत अजून तारखेनिशी सांगितली जाते.

पण पाच आठवडे हा मोठा काळ असतो. आणि या पाच आठवड्यांत मास्तरांनी एक चूक केली. फ्रीज दुरुस्त करणारा माणूसच करू शकेल अशी, शुद्ध, धंदेवाईक, प्रेमाने भिजलेली चूक. निळ्या वहीत त्यांनी मुलीच्या नावे एक पान उघडलं.

एकशे बारावं पान. एकशे अकरावर आमचा फ्रीज होता.

तेच तीन रकाने, निळ्या शाईत. तक्रार: 'श्वास घ्यायचासुद्धा कंटाळा येतो म्हणाली.' पाहिलं: 'सकाळी चालू व्हायला दोन तास. आवाज नाही. दार आतून लावलेलं.' केलं: इथे काय लिहायचं ते त्यांना बहुतेक दिवशी सुचलेलं नव्हतं. रकाना भरायची सवय मोडवत नव्हती म्हणून लिहिलेलं असायचं, 'जवळ बसलो.' 'जवळ बसलो.' 'जवळ बसलो, पाणी दिलं.' तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा उसळून वर आली, तेव्हाचे आठ दिवस एकेका शब्दात होते. 'उत्तम.' 'उत्तम.' 'फारच उत्तम.' पुढे पुन्हा दार लावलेलं.

डॉक्टरांकडे जायला तीन दिवस उरले असताना भिंगरीला पुस्तकाचा कणा चिकटवायला टेप हवी होती. टेप मास्तरांच्या पिशवीत असते.

मी वर आमच्या घरात जेवत होतो. खालून आवाज आला तो मला पहिल्यांदा ओळखूच आला नाही, कारण त्या घरातून आवाज येत नाही.

"मी फ्रीज आहे?" भिंगरी ओरडत होती. "बाबा, मी फ्रीज आहे? वरच्या काकांच्या त्या खटाऱ्यानंतर मी?"

खटारा हा शब्द मला लागला, पण ती वेळ नव्हती.

"अगं, मी फक्त—"

"मी तुला सांगत होते! तुला! वहीला नाही! आता सगळ्या गिऱ्हाइकांकडे घेऊन फिरतोस का मला? मी नाही येणार कुठल्याही डॉक्टरकडे. जा, त्या वहीला घेऊन जा. तिला तपासून आण!"

दार आपटलं. आमच्याकडचं ताट हललं.

मास्तरांना वाटलं असेल, निदान बायको तरी बाजूने बोलेल. पण बायको पोस्टातली. "दुसऱ्याचं टपाल उघडायचं नसतं," ती म्हणाली. "नोकरीच्या पहिल्या दिवशी मला हे शिकवलं. आणि तुम्ही तिचं उघडून, वाचून, वर शेरे मारून ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी मास्तर कामाला गेले नाहीत. गेल्या अठरा वर्षांत हे दोनदा घडलंय, आणि पहिल्या वेळी भिंगरीचा जन्म होता. त्यांनी स्टूल उचललं, मुलीच्या बंद दारासमोर ठेवलं आणि बसले. सवयीने तळहात दारावर गेला.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "बाबा, हात काढ. दार गार होत नाहीये."

मास्तरांनी हात काढला. "तुला कसं कळलं?"

"मला माहीत नाही का तुला?"

मग मास्तर बोलले. इतकं सलग ते फक्त कंप्रेसरबद्दल बोलतात. "चुकलं माझं. तुझं होतं ते, तुला विचारून लिहायला हवं होतं. वही तुझ्याकडेच राहू दे. फाडलीस तरी चालेल. मला एवढीच भीती होती की तू त्या डॉक्टरांसमोर छान हसशील, त्यांना काही दिसणार नाही, आणि त्याही म्हणतील काही नाही. मग तू कितीही सांगितलंस तरी कुणी ऐकणार नाही. मला दुसरं काही येत नाही गं. लिहून घ्यायला येतं."

"तुला खरंच वाटतं मला काहीतरी होतंय? का मी नाटक करतेय? आत्या म्हणते तसं."

"तू म्हणालीस ना, होतंय?"

"हो."

"मग होतंय."

आतून बराच वेळ रडण्याचा आवाज येत राहिला. मास्तर बसून राहिले. रकान्याच्या भाषेत सांगायचं तर, जवळ बसले. दारापलीकडून जितकं जवळ बसता येतं तितकं.

सकाळी वही जेवणाच्या टेबलावर होती. फाडलेली नव्हती. एकशे बाराव्या पानापासून पुढे हिरव्या पेनाने तपासलेली होती, आणि मास्तरांना मार्क काही बरे पडले नव्हते. 'दुपारी झोपली' यावर काट, शेजारी: 'झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते, कुणी बोलू नये म्हणून.' 'जेवली' यावर: 'ताट मांजरीला दिलं.' 'जवळ बसलो' यापुढे बरोबरची खूण होती. प्रत्येक वेळी. एका ठिकाणी शेजारी लिहिलं होतं: 'हे बरं वाटलं. बोलला नाहीस ते आणखी बरं.'

आणि मग ते आठ 'उत्तम'. आठही आडवे छाटलेले. खाली, पेन जोरात दाबून:

'या दिवसांत मी मिळून पंधरा तास झोपले असेन. डोकं बंदच होत नव्हतं. मजा यायची आणि भीतीही वाटायची. थांबायचं कसं तेच कळत नव्हतं. बाबा, जो फ्रीज रात्रंदिवस चालूच राहतो, एकदाही थांबत नाही, त्याला तू उत्तम म्हणतोस?'

मास्तरांनी हे दोनदा वाचलं. कारण हे वाक्य त्यांचंच होतं. गेली तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना बजावत आलेत. आमच्या बायकोलाही सांगितलंय: "वहिनी, त्याची घरघर मधेच बंद झाली तर घाबरू नका. पुरेसं गार झालं की तो थांबतो, विसावा घेतो, मग परत सुरू होतो. थांबतोय म्हणजे बरा आहे. कधीच थांबला नाही, तर मला बोलवा. तो जळायच्या मार्गावर असतो."

"सगळ्या गावाला शिकवलं," ते मला नंतर म्हणाले, "आणि घरात आठ दिवस 'उत्तम, उत्तम' लिहीत बसलो. ती हसत होती ना. ती हसली की मला बाकीचं दिसत नाही."

मी काय बोलणार? मीही जिन्यावर 'बघा, म्हटलं नव्हतं' म्हणून टाळी मागितली होती.

डॉक्टरांकडे तिघं गेले. वही भिंगरीच्या मांडीवर. डॉक्टरबाईंनी आधी तिला एकटीलाच आत बोलावलं. दार बंद झालं.

बाहेर आईने हातरुमालाच्या घड्या घालायला सुरुवात केली आणि मास्तरांना कोपऱ्यातला पाण्याचा कूलर ऐकू आला. तो थरथरत होता. माणसाने किती सोसावं? दहा मिनिटं त्यांनी स्वतःला आवरलं. मग उठून कूलरच्या अंगावर हात ठेवला. मग खाली वाकले. मग पूर्ण आडवे झाले.

काउंटरवरची मुलगी घाबरून उभी राहिली. "काका, काय होतंय? तुमचा नंबर कितवा?"

"माझा नाही, याचा," जमिनीवरून मास्तर म्हणाले. "मागचा पाय लंगडा आहे. एक पुठ्ठा मिळेल का?"

पुठ्ठा मिळाला. थरथर थांबली. वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ आपलं डोकं कशाने दुखत होतं. दार उघडलं तेव्हा मास्तर कोपर झटकत उभे राहत होते, आणि भिंगरी दारातून बघत डॉक्टरबाईंना म्हणाली, "हे माझे बाबा. मी म्हटलं ना?"

आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. ती पुन्हा हसली होती. डॉक्टरबाईंच्या कुंडीतल्या रोपाला तिने नाव ठेवलं होतं, त्याही हसल्या होत्या, सगळं अगदी छान चाललं होतं. आणि तिलाच ऐकू आलं की सगळं छान चाललंय. ती मधेच थांबली. म्हणाली, "मॅडम, मी आत्ता बरी दिसतेय ना, ती तुम्ही समोर आहात म्हणून. हे वाचा. निळं बाबांचं आहे, हिरवं माझं. हिरवं खरं आहे."

डॉक्टरबाईंनी सगळं वाचलं. मग सरळ प्रश्न विचारले, अगदी जगणं नकोसं होतं का हासुद्धा, आणि भिंगरीने सरळ उत्तरं दिली. आईवडिलांना आत बोलावल्यावर बाई म्हणाल्या, "मी आजच याला नाव देणार नाही. वय लहान आहे, काही महिने बघावं लागेल. मनाच्या चढउताराचा आजार असू शकतो. पण नुसती खालची बाजू समोर आली असती तर मी नुसत्या उदासीचा विचार केला असता, आणि नुसतं उदासीचं औषध या मुलीला कदाचित सोसलं नसतं. वरची बाजू सहसा कुणी तक्रार म्हणून आणतच नाही." मग वहीचं पान उलटून त्यांनी विचारलं, "हे 'जवळ बसलो' काय आहे?"

"काही सुचलं नाही की लिहायचो," मास्तर खाली बघत म्हणाले.

"ते चालू ठेवा."

त्यानंतर सगळं छान झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं होत नाही. पहिल्या औषधाने ती दिवसभर पेंगायची, ते बदललं. दर आठवड्याला बोलायला जावं लागायचं. झोपेची वेळ ठरली, आणि ती पाळण्यासाठी अख्खं घर लवकर झोपू लागलं, त्यामुळे आम्हालाही वर टाचा उचलून चालायची सवय लागली. शाळेतल्या बाईंशी तिच्या आईने बोलणी केली, आणि पोस्टाच्या खिडकीतला तो आवाज ऐकून शाळेने सगळं एका फेरीत मान्य केलं. तरी मधे वाईट आठवडे आले. एकदा परीक्षा बुडाली. आत्या अजूनही चालत येते, पण आता येऊन खोलीत नुसती बसते आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलते. भिंगरी म्हणते, त्याने झोप छान येते.

वही आता वेगळी आहे. भिंगरीने स्वतः आणलेली, हिरव्या पुठ्ठ्याची. ती टेबलावर असेल तर मास्तरांनी वाचायची, खोलीत असेल तर नाही. पहिल्या महिन्यात ती टेबलावर मोजून चारदा आली. मास्तर रोज सकाळी चष्मा लावून टेबलाकडे बघायचे, चष्मा काढायचे आणि कामाला जायचे. एकदाही त्यांनी खोलीत डोकावलं नाही. या माणसाने आयुष्यात हजारो फ्रीज उघडले असतील, पण न उघडायला जी ताकद लागते ती मी त्या दिवसांत पाहिली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाणी साठत होतं म्हणून मी तक्रार घेऊन खाली गेलो. मास्तर पिशवी खांद्याला लावून निघतच होते. कुठल्याशा मोठ्या हॉटेलची थंड खोली बंद पडली होती, दोनदा फोन येऊन गेला होता. तेवढ्यात भिंगरी खोलीतून बाहेर आली. आता ती सतरा वर्षांची आहे. चेहरा असा फुललेला, डोळ्यांत अशी चमक की मला दोन वर्षांपूर्वीची तीन-तीन पायऱ्या गाळणारी पोर आठवली. 'अगं, काय छान दिसतेस!' हे माझ्या ओठांवर आलंच होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तक्रार आहे."

मास्तर थांबले.

"तीन दिवस झाले. थांबत नाहीये. काल दोन तास झोपले आणि अजिबात दमलेले नाहीये. खूप म्हणजे खूप छान वाटतंय. सोडावंसं वाटत नाहीये, म्हणूनच सांगतेय."

मी माझं वाक्य गिळलं. आयुष्यात गिळलेलं हे पहिलंच वाक्य असावं असं बायको म्हणते.

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. 'छान आहे की' म्हणाले नाहीत, 'अरेरे'ही म्हणाले नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसू लागले.

"ए, स्टूलवर मी बसणार," भिंगरी म्हणाली. "तू डॉक्टरांना फोन लाव. आणि बोलणार मीच."

मास्तर उठले. तिला स्टूल दिलं, फोन लावून तिच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसले. हॉटेलचा फोन पिशवीत तिसऱ्यांदा वाजू लागला. तो कुणीच उचलला नाही.

मी माझी तक्रार घेऊन तसाच जिना चढलो. घरात फ्रीज घरघरत होता. मी त्याच्यासमोर जरा वेळ उभा राहिलो, कधी नव्हे ते ऐकत. मग तो थांबला.

"बिघडला का हो?" बायकोने आतून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरा आहे."